बारावं अंडं

टिट्.

एवढाच आवाज. त्याआधी अर्धं मिनिट सगळं घर गप्प होतं आणि त्यानंतरही गप्पच राहिलं. खोलीच्या मधोमध ताई डोळे मिटून उभी होती. मान किंचित डावीकडे कललेली, ओठ घट्ट मिटलेले. बांगड्या वाजू नयेत म्हणून आजीने दोन्ही हात शालीत गुंडाळून घेतले होते. दोन वर्षांचा ढब्बू सोफ्याच्या पायाशी ओठांवर बोट ठेवून बसला होता. गप्प बसायचा खेळ आहे, एवढं त्याला कळलेलं होतं.

"चपलांचं कपाट," ताई म्हणाली. "खालचा कप्पा. बाबांच्या बुटात."

हात पुढे करून ती चालत गेली, टेबलाचा कोपरा बोटांनी चुकवला, खाली बसली आणि उजव्या बुटातून हिरवं प्लॅस्टिकचं अंडं बाहेर काढलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. वाजवल्या असत्या तर पुढचं अंडं ऐकू आलं नसतं.

"आमच्या वेळी अंडी गप्प बसायची," आजी शालीतून पुटपुटली.

"आजी, शू. अजून तीन आहेत."

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मुलांची आई हे सगळं बघत होती. बाजारातल्या एका दुकानात ती घड्याळं दुरुस्त करायची, म्हणून वस्तीत तिला घड्याळवाली म्हणत. नवराही लाडात आला की तेच म्हणायचा. आज मात्र तो घरी नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि ईस्टरच्या दिवशी सकाळी सकाळीच कुठल्याशा इमारतीत कुणीतरी सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये अडकलं होतं. "अर्ध्या तासात येतो, अंडी थांबवून ठेव," असं सांगून तो गेला होता. ताईला थांबवून ठेवणं काही जमलं नव्हतं.

ताईची नजर जन्मापासूनच अधू होती. उजेड कळायचा, दार-खिडकी कळायची, समोर कुणी उभं आहे हे कळायचं. पण खुर्चीखाली पडलेलं अंडं कळायचं नाही. गेल्या ईस्टरला चर्चच्या आवारात मुलांसाठी अंडी लपवली होती. शिट्टी वाजली, पोरं उधळली, आणि ताई हातात टोपली धरून गवतात उभीच राहिली. शेवटी कुणाच्या तरी मावशीने तिच्या हातात एक चॉकलेटचं अंडं ठेवलं, "घे गं बाळा, तुझ्यासाठी." घरी आल्यावर तिने ते खाल्लं नाही. कपड्यांच्या कप्प्यात ठेवून दिलं. "खा की, वितळेल," असं आई म्हणाली तेव्हा ती म्हणाली, "हे मला सापडलं नाही. हे मला दिलं."

ते वाक्य घड्याळवालीच्या मनात वर्षभर काट्यासारखं राहिलं. मग यंदा दुकानात जेवायच्या सुट्टीत, डबा एका हाताने संपवत, तिने भंगारात निघालेल्या गजराच्या घड्याळांमधून छोटे छोटे भोंगे काढले. प्लॅस्टिकची पोकळ अंडी आणली. एकेका अंड्यात एक भोंगा, दोन तारा आणि कोटाच्या बटणाएवढा एक चपटा सेल. दर अर्ध्या मिनिटाने एकदा वाजेल अशी जोडणी केली, आणि सापडलं की बंद करायला बाहेरून एक बारीक कळ बसवली. बारा अंडी, बारा वेगळे आवाज. कुणी टिट्, कुणी टूक्, एक तर मांजराच्या पिल्लासारखं. खाऊ शेवटी मिळणार होता. शोधायचा होता तो आवाज.

दहावं पडद्यामागे सापडलं. अकरावं आजीच्याच शालीत होतं. आजीने चेहरा इतका निर्विकार ठेवला होता की सापडल्यावर ताईला हसू आवरेना.

"आजी, तू पोटातून वाजत होतीस."

"मग काय. म्हाताऱ्या माणसाच्या पोटातून काय काय वाजतं, तुला काय सांगू."

घड्याळवालीही हसली. या सकाळसाठी तिने जेवणाच्या किती सुट्ट्या घातल्या होत्या, ते तिचं तिला ठाऊक. टोपलीकडे बोट दाखवत ती म्हणाली, "चला, एकच राहिलं."

पुन्हा सगळे गप्प झाले. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. बाहेर कुणीतरी बादली ओतली, त्याचा आवाज आला आणि विरला.

"सेल संपला वाटतं," आई म्हणाली. "थांब, मीच काढते. खिडकीखाली, कपड्यांच्या टोपलीमागे ठेवलं होतं."

"संपला नाही," ताई म्हणाली. "ते वाजत होतं. मी अंथरुणात होते तेव्हा वाजत होतं. मांजराचं. मग मधेच थांबलं."

घड्याळवालीने कपड्यांची टोपली ओढली. मागे काही नव्हतं. आजी गुडघ्यांवर हात देत वाकली आणि सोफ्याखाली बघत म्हणाली, "हे काय, इथे फुटलंय की."

पिवळ्या अंड्याची दोन शकलं होती. फुटलेली नव्हती, उघडलेली होती. एका शकलात भोंगा, त्यातून निघालेल्या दोन तारा, आणि जिथे सेल असायला हवा तिथे गोल, रिकामी जागा.

घड्याळवालीच्या हाताला ते शकल अचानक जड लागलं.

अकरा अंडी तिने गरम डिंकाने पक्की चिकटवली होती. हातोडीशिवाय उघडली नसती. बारावं तेवढं चिकटवलं नव्हतं. त्याचा आवाज मधेच दबायचा म्हणून पहाटे उठून तिने त्यात नवा सेल घातला होता, आणि झाकणाला चिकटपट्टीचा एकच वेढा दिला होता. दुकानात मालकांनी पहिल्या दिवशी शिकवलेला नियम होता तो: दुरुस्त केलेल्या घड्याळाची पाठ, म्हणजे मागचं झाकण, लगेच दाबून बंद करायची नाही, चोवीस तास चालू द्यायचं, खात्री करायची, मगच पाठ दाबायची. नऊ वर्षं तिने तो नियम पाळला होता. त्या नियमाने तिची एकही दुरुस्ती परत आली नव्हती. पहाटे, डोळ्यांत झोप असताना, हातांनी आपसूक तेच केलं होतं.

ती वळली. ढब्बू अजूनही ओठांवर बोट ठेवून बसला होता. त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळून बनियनचा गळा ओला झाला होता. सकाळपासून तो इतका शहाण्यासारखा गप्प कसा, याचं तिला मघाशी कौतुक वाटलं होतं.

"ढब्बू, तोंड उघड बघू. आ कर."

त्याने आ केला. तोंडात काही नव्हतं.

"तू ते गोल गोल खाल्लंस? चकाकणारं?"

"हो," ढब्बू म्हणाला.

"त्याला काही विचारू नकोस," आजी म्हणाली, पण तिचाही आवाज खाली गेला होता. "काल मी विचारलं, चंद्र खाल्लास का, तरी हो म्हणाला. ढब्बू, तू टेबल खाल्लंस?"

"हो."

"बघ."

आजी स्वतःला समजावत होती. घड्याळवालीला तसं समजावता येत नव्हतं, कारण तिला सेल माहीत होता. दुकानात जो कुणी सेल न्यायला येई, त्याला ती पाकिटावरचं चित्र दाखवायची: रांगणारं बाळ आणि त्यावर तिरकी रेघ. "लहान मुलं आहेत का घरी? मग उंचावर ठेवा हं." दिवसातून सात-आठ वेळा ती हे म्हणायची, इतकं, की म्हणताना तिचं लक्षही नसायचं. पाण्यात पडलेली घड्याळं तिने उघडून बघितली होती. ओल लागली की सेल काय करतो, पितळ कसं खातो, हे तिने भिंगातून बघितलं होतं. आणि गिळलेल्या सेलला घसा म्हणजे ओलच.

"तू खाली बघ, आई," ती सासूला म्हणाली. एरवी 'तुम्ही' म्हणणारी ती 'तू' म्हणाली, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही. "सगळीकडे बघ. गालिचा उचल. मी फोन करते."

रुग्णालयातल्या तातडीच्या खोलीत कुणीतरी लगेच फोन उचलला. बाईचा आवाज होता, घाई नसलेला.

"वय किती? बरं. श्वास नीट घेतोय? खोकला? लाळ गळतेय म्हणता. सेल केवढा?"

"वीस मिलिमीटर. नवा होता. पूर्ण भरलेला."

"कधी गिळला?"

"माहीत नाही. मी बघितलं नाही. गिळला की नाही तेही..."

"अंदाज सांगा. अर्धा तास? दोन तास? फार फरक पडतो."

नऊ वर्षं लोकांच्या घड्याळांची वेळ लावून देणारीला आज वेळ सांगता येत नव्हती. पहाटे साडेपाचला सेल घातला, सव्वानऊ झाले होते. मधल्या पावणेचार तासांत केव्हाही.

"आजी चर्चमधून आली तेव्हा वाजत होतं," मागून ताई म्हणाली.

आईने फोन कानापासून थोडा दूर धरला. "नक्की?"

"आजीने दार उघडलं आणि ईस्टरचं 'प्रभू उठला आहे' म्हणाली. तू आतून 'खरोखर उठला आहे' म्हणालीस. तेव्हा मांजर वाजलं, मला हसू आलं. मग आजीने किल्ली टेबलावर टाकली. तेव्हा परत वाजलं. मग ढब्बू पलंगावरून उतरला. मग तू दूध ओतत होतीस तेव्हा वाजलं नाही. मी वाट बघितली. नाहीच वाजलं."

"आई, तुम्ही किती वाजता आलात?"

सोफ्याखालून आजी म्हणाली, "मी जिन्यात होते तेव्हा चर्चच्या घड्याळाचा साडेआठचा ठोका पडला."

"साडेआठ ते आठ चाळीसच्या मध्ये," घड्याळवाली फोनमध्ये म्हणाली.

"म्हणजे पाऊण तासाच्या आतच आहे. ऐका. घरात मध आहे? दोन चमचे द्या, दर दहा मिनिटांनी, इथे येईपर्यंत. बाकी काही नको, पाणीसुद्धा नको. उलटी काढू नका. बोट घालू नका. लगेच निघा, वाट बघू नका. आम्ही तयारी करतो."

नवऱ्याला तिने तीनदा फोन लावला. वाजत राहिला. तो त्या लिफ्टच्या विहिरीत कुठेतरी लोंबकळत असणार, फोन वर पिशवीत.

तळमजल्यावर गाडी शिकवणारे काका राहत. अर्ध्या वस्तीने त्यांच्याकडे गाडी शिकली होती, आणि त्या अर्ध्या वस्तीने ताशी चाळीसच्या वर गाडी गेलेली कधी बघितली नव्हती. ते बनियनवर गाडी पुसत होते. घड्याळवाली एका काखेत ढब्बू, दुसऱ्या हातात मधाची बाटली घेऊन उतरली, मागून ताई कठड्याला धरून. काकांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, फडकं बादलीत टाकलं आणि सदरासुद्धा न चढवता दार उघडलं.

"कुठे?"

"रुग्णालय. सेल गिळलाय बहुतेक."

"बस. ताई, मागे. पट्टा लाव."

घड्याळवाली ढब्बूला मांडीवर घेऊन पुढे बसली. शिकवणाऱ्याची ती जागा. पायाशी जादाचं पेडल होतं. काकांनी गाडी काढली. पहिल्या वळणावर कुणाची तरी सायकल आडवी आली, काकांनी गाडी हळू केली, आणि घड्याळवालीने नकळत पायाखालचं पेडल जोरात दाबलं. गाडी जागच्या जागी थांबली. मधाचा चमचा ढब्बूच्या गालावर गेला.

"पोरी, पाय वर घे," काका म्हणाले. "तुझ्या बाजूला नुसता ब्रेकच आहे."

तिने दोन्ही पाय उचलून धरले. तशीच बसली, गुडघे छातीशी, मधे पोर.

"काका, जरा जोरात."

"जातोय गं."

काटा पन्नासवर गेला होता. काकांच्या कपाळावर घाम होता. पुढे मंद चालणाऱ्या एका गाडीला त्यांनी कर्कश हॉर्न दिला, आणि मग स्वतःच चमकले. तीस वर्षं विद्यार्थ्यांना हॉर्न वाजवू नका म्हणून सांगणारा माणूस तो.

ढब्बूला मध आवडला होता. पहिला चमचा त्याने चाटला, दुसरा गिळताना मात्र तोंड वेडंवाकडं केलं आणि हाताने गळ्याजवळ बनियन ओढलं. घड्याळवालीने ते बघितलं. ते बघून आपल्याला काय कळलं, हे तिने स्वतःला कळू दिलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. आजी.

"सापडला गं. सापडला, सापडला! तुमच्या खोलीत, पलंगाखाली. चकाकतोय बघ."

घड्याळवालीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. काकांनी गाडी कडेला घेतली. "थांबा काका, थांबा, सापडलाय," ती म्हणाली. दोन्ही पाय खाली आले. तिने ढब्बूच्या केसांत नाक खुपसलं. मध आणि झोप यांचा वास येत होता.

"थांब हं," फोनमधून आजी म्हणाली. मग काहीच नाही. मग श्वास. "चष्मा लावते." आणि मग, फार हळू आवाजात, "अगं, याला भोकं आहेत. दोन भोकं आहेत मधे. बटण आहे हे."

काकांनी आरशात बघितलं, सिग्नल दिला, गाडी परत रस्त्यावर घेतली. यावेळी काटा साठवर गेला.

"शोधत राहते," आजी फोनमध्ये म्हणत होती. "मी शोधत राहते हं. गालिचाच कापते मी. तू जा."

मागच्या सीटवरून ताईचा हात पुढे आला आणि आईच्या खांद्यावर चाचपत थांबला. "आई, किती मिनिटं झाली? मधाची?"

"नऊ."

"मग दहाला मी सांगते," ताई म्हणाली, आणि ओठांतल्या ओठांत एकेक सेकंद मोजायला लागली.

सणाचा दिवस, रुग्णालयात माणसं कमी. व्हरांड्यात कुणी फुलं ठेवली होती, एका खोलीतून प्रार्थनेचं गाणं येत होतं. फोनवरच्या आवाजाची सिस्टर दारातच उभी होती; आवाजावरून वाटली त्यापेक्षा पुष्कळ म्हातारी. तिने काही न विचारता ढब्बूला उचललं आणि चालायला लागली.

एक्स-रेच्या खोलीत ढब्बूला धरायला घड्याळवालीला जड शिशाचा झगा घातला. तो एवढा जड होता की खांदे खाली गेले, आणि तिला वाटलं, बरं झालं, काहीतरी आपल्याला जमिनीवर धरून ठेवतंय. ढब्बू रडला नाही. त्याला यंत्र आवडलं.

पडद्यावर चित्र उमटलं. छोट्या छोट्या फासळ्या, माशाच्या काट्यासारख्या. वरच्या बाजूला, गळ्याच्या जरा खाली, एक पांढरा स्वच्छ गोल.

रात्रपाळी संपत आलेली एक तरुण डॉक्टर वाकून बघत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं. "गोल काहीतरी आहे," ती म्हणाली. "नाणंही असू शकतं. मुलं नाणीच जास्त गिळतात. नाणं असेल तर बारा तास वाट बघता येते, कधी कधी खाली जातं. आधी वरिष्ठांना..."

"नाणं नाही," घड्याळवाली म्हणाली.

डॉक्टरने तिच्याकडे बघितलं.

झग्याच्या ओझ्याखालून हात काढून घड्याळवाली पडद्याजवळ गेली. दुकानात भिंगाखाली बघताना बघायची तसा तिने एक डोळा बारीक केला. "कड बघा. दुहेरी आहे. गोलात गोल. नाण्याला एकच कड असते. सेलला पायरी असते, वरची बाजू जरा लहान, खालची मोठी, मधे रबराची रेघ. ती ही. आणि बारीक बाजू पाठीकडे आहे की पुढे, ते बाजूने फोटो काढलात की दिसेल." तिचा आवाज तिला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. गिऱ्हाइकाला समजावतानाचा. "वीसचा सेल आहे. तीन व्होल्टचा. आज पहाटे मीच घातलाय."

डॉक्टर पडद्यावर आणखी वाकली. मग सरळ झाली. तिच्या चेहऱ्यावरची झोप गेली होती. "बाजूने एक काढा," तिने एक्स-रेवाल्याला सांगितलं, आणि सिस्टरला, "भूलवाल्यांना आत्ता बोलवा. वाट नाही बघायची."

पुढचं सगळं फार भराभर झालं. सह्या झाल्या. सिस्टरने फळीवर कागद लावून विचारलं, "सेल कशातून आला? खेळण्यातून?"

"हो."

"कुठल्या कंपनीचं? लिहावं लागतं. बाकीच्या लोकांनाही कळवतात."

"कंपनीचं नाही. मी बनवलं होतं."

"तुम्ही?"

"माझ्या मुलीसाठी. तिला दिसत नाही नीट. अंडी शोधायला ऐकू यावीत म्हणून." तिने फळीवरच्या कागदाकडे बघितलं. "बारा होती. अकरा चिकटवली होती."

सिस्टरने पेन कागदावर टेकवलं. काय लिहावं ते तिला सुचलं नसावं. शेवटी तिने एकच शब्द लिहिला, 'घरगुती', आणि फळी काखेत घातली. बाकावर बसलेल्या ताईने हे सगळं ऐकलं. ताई सगळंच ऐकायची.

दार बंद झालं. दाराला वर्तुळाकार काच होती, पण ती दुधी होती.

घड्याळवालीला प्रार्थना करता येईना. पहाटे तिने केली होती, अगदी सहज, सेल घालता घालता, की प्रभू, तिला निदान एक तरी अंडं स्वतःचं स्वतः सापडू दे. आता हात जोडले की बोटांना ती चिकटपट्टी आठवे. एक वेढा. दुसरा वेढा द्यायला किती वेळ लागला असता? दोन सेकंद. ती डाव्या हाताच्या अंगठ्याने उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख खरवडत राहिली. तिथे गरम डिंकाचा एक वाळलेला थेंब होता.

काका समोरच्या बाकावर बनियनवर बसले होते. कुणीतरी त्यांना रुग्णालयाची चादर दिली होती, ती त्यांनी अंगाभोवती घेतली होती. ताई त्यांच्या आणि आईच्या मधे उभी होती, दुधी काचेकडे तोंड करून.

"आत कुणीतरी हसलं," ती म्हणाली.

"कसं हसलं?" आईने पटकन विचारलं.

"साधं. जोक केल्यावर हसतात तसं. म्हणजे ठीक असेल ना? वाईट असेल तर हसणार नाहीत."

"हो," आई म्हणाली. तिला तो आवाज आलाच नव्हता.

नवरा आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना काळं वंगण होतं आणि कमरेला दोरीचा पट्टा तसाच. पायऱ्यांनीच धावत आला होता; लिफ्टमध्ये पाय ठेवायचं त्याला सुचलं नाही. आजीने फोनवर सांगितलं असणार. तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला, खांद्यावर हात ठेवायला गेला, वंगण बघितलं आणि हात मागे घेतला. मग कोपराने तिच्या दंडाला नुसतं टेकला.

"त्या माणसाला काढलंस?" तिने विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"काढलं. तो म्हणे, तासभर आत छान झोप लागली होती."

दार उघडलं. तरुण डॉक्टरने तोंडावरची पट्टी खाली ओढली. "निघाला," ती म्हणाली. मग तिने हातातली छोटी स्टीलची वाटी पुढे केली.

वाटीत सेल होता. तोच. एका बाजूची कड काळी पडली होती, जशी ओल्यात पडलेल्या घड्याळातल्या सेलची पडते. घड्याळवालीने मान हलवली, जणू गिऱ्हाइकाच्या वस्तूची ओळख पटवून दिली.

"अन्ननलिकेला आतून चट्टा पडलाय. लहान आहे. वेळेत आणलंत म्हणून लहान. मधाचाही उपयोग झाला. पण मी खोटं सांगणार नाही, चट्टा नंतरही खोल जाऊ शकतो. दोन दिवस तोंडाने काही नाही, नळीनेच. मग परत आत बघू. तोवर इथेच." ती थांबली. "एक विचारू? वेळ इतकी नेमकी कशी सांगितलीत? बहुतेक आईवडील अंदाजच सांगतात. चुकीचा."

"मी नाही," घड्याळवाली म्हणाली. "हिने."

डॉक्टरने खाली बघितलं. ताईने चेहरा वर केला, पण डॉक्टरच्या जरा डावीकडे.

"शाबास गं," डॉक्टर म्हणाली. "तुझ्या भावाला तू वाचवलंस म्हणायचं."

ताई हसली नाही.

आत एकाच माणसाला जायची परवानगी होती. "तू जा," घड्याळवाली नवऱ्याला म्हणाली. "मी जाते नंतर." त्याने बेसिनवर हात घासून घासून धुतले, कोपरापर्यंत, आणि आत गेला. काका आजीला फोन करायला जिन्यात गेले. त्यांच्या अंगावरची चादर फरशीवरून ओढत गेली.

बाकावर दोघीच उरल्या. पलीकडच्या खोलीतलं गाणं संपलं होतं. घड्याळवालीने ताईला जवळ ओढलं. तिच्या फ्रॉकला मध लागला होता. फ्रॉक नवा होता, आजच्यासाठी शिवलेला, मोठ्या मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांचा, तिला हाताला कळतील असे उंचवट्याचे ठिपके लावलेला. ताई त्यातला एक ठिपका नखाने उचकटत होती.

"भूक लागली का?"

"नाही."

"घाबरलीस?"

"मघाशी. आता नाही." ताईने ठिपका सोडला. "आई, डॉक्टर म्हणाली मी वाचवलं."

"हो. वाचवलंस."

"पण आधी..." ती थांबली. सिस्टरच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून गेला, वळला, गेला. ताईने तो पूर्ण जाऊ दिला. मग आईच्या हाताची बोटं एकेक करून चाचपत, अंगठ्याशी येऊन, अगदी साध्या आवाजात तिने विचारलं,

"आई, मला दिसत असतं तर अंड्यात सेल घालावाच लागला नसता ना?"